वायफायची खूण मीच काढली

शनि., ८ नोव्हेंबर
गुरुवारच्या नोंदीत लिहिलंय, 'लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकताना मामाने घाईत काहीतरी चुकीचं दाबलं, म्हणून वायफाय नाही.' हे चूक आहे. पान फाडत नाही. चुकलं की एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं, हे मामानेच शिकवलं. (शाळेत नाव घालेपर्यंत त्याच्याकडेच शिकले, चाकणच्या खोलीत, त्याची शिफ्ट सुटली की.)

बरोबर असं: वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम) बाहेरच्या कंपनीचा असतो. तो हवा का, असा एक चौकोन आला. मामाने खूण केली होती. तो चहा आणायला उठला तेव्हा मी ती काढली. 'मुक्त नसलेलं सॉफ्टवेअर' वाचून वाटलं, चोरीचं असेल. त्याला विचारलंही नाही. आज मोबाइलवर वाचलं तेव्हा कळलं. गुरुवारच्या वाक्यावर रेघ मारली.

रवि., ९ नोव्हें.
तळवड्याला ऑफिसात शेजारी बसणाऱ्या ज्योतीताईंना सांगितलं. पोट धरून हसल्या. "अगं, चौकोनाला कसली घाबरतेस!" स्वतःची केबल दिली. मोबाइल केबलने जोडायचा, त्याचं नेट लॅपटॉपला मिळतं, मग ड्रायव्हर उतरवायचा. घरी तसंच केलं. पासवर्ड, बंद, चालू. आणि नेटवर्कची यादी आली! अख्ख्या मजल्याची नावं. ज्योतीताईंचे किती आभार. लॅपटॉप दिला त्या मामाचे तर...

सोम., १० नोव्हें.
मामीचा फोन. वायफाय आलं म्हटलं तर, "बघ, यांनी बिघडवलं, पोरीनं नीट केलं!" खूण मी काढली, हे सांगितलं नाही. का नाही?

मग म्हणाली, मामा कंपनीतल्या क्वालिटीच्या, म्हणजे माल तपासायच्या, जागेचा अर्ज भरत नाहीये. कॉम्प्युटरची परीक्षा असते त्याला. "साधा लॅपटॉप धड जमला न्हाई, परीक्षा काय देऊ," म्हणतो. मुदत शुक्रवारपर्यंत. इतकी वर्षं मशीनवर उभा आहे.

"मामा, तूच काहीतरी दाबलंस" असं गुरुवारी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले होते मी. आई हसली, मामी हसली. तोही हसला.

मंगळ., ११ नोव्हें.
मामाला फोन केला. सेकंड शिफ्ट, उचलला नाही. नंतर मेसेज: 'वायफाय चाललं म्हणं. शाब्बास बाई.' एवढंच. उत्तर लिहिलं, पुसलं. मेसेजमधून फक्त त्यालाच कळेल. हसले होते सगळे.

बुध., १२ नोव्हें.
आईला सांगितलं.
"मामी बोलेल हं तुला."
"बोलू दे."
मग आई म्हणाली, "तू ळ उलटा काढायचीस. तुझा मामा कधी हसला नाही."

अर्ज भरायचा की नाही ते त्याने ठरवावं. पण नाही म्हणायचं तर माझ्या खोट्यावरून नको.

उद्या साप्ताहिक सुट्टी. गुरुवार, १३ नोव्हेंबर. चाकणला, दुपारी सगळे जेवायला बसले की सांगणार.