वेल दारापर्यंत

१ जून, रविवार
ठरलं. मनी प्लांट आजपासून माझ्याकडे.
माझी बायको प्रगती झरीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. डहाणूहून रोज बसने जाऊन-येऊन दमते, म्हणून तिकडेच खोली घेतली. आता फक्त रविवारी घरी. खरं कारण शेवटी बोललीच. बस नाही दमवत म्हणे, घरी आल्यावर सगळं मीच करायचं, ते दमवतं. मी म्हटलं, एक तरी जिवंत वस्तू सांभाळून दाखवतो. ती म्हणाली, बरं, फ्रिजवरची वेल दिवाळीपर्यंत दारापर्यंत ने. पोचली तर खोली सोडते. हसत म्हणाली, पण म्हणाली!
चिकूच्या पेढीवर बागाच्या बागांचा माल माझ्या हाताखालून जातो. एक वेल म्हणजे किस झाड की पत्ती.

३ जून, सकाळी सहा
पाणी सकाळ-दुपार-संध्याकाळ. दुपारी मी पेढीवर असतो, म्हणून दुपारचंही सकाळीच घातलं.
झाडांशी बोलावं असं यूट्यूबवर सांगतात. निघताना वेलीला 'येतो गं' म्हटलं. प्रगतीने हे बघायला हवं होतं. तिला कधी म्हटल्याचं आठवत नाही, पण ती माझ्या आधीच निघायची.

१५ जून, रविवार
पानं पिवळी. ऊन लागत असणार. खिडकीचा पडदा ओढला.
प्रगती म्हणाली, मातीचा चिखल झालाय, पाणी कमी कर. ती माणसांची नर्स आहे. सोडून दिलं.

२ जुलै
नवं पान! शाब्बास. फक्त तोंड खिडकीकडे आहे. सेलोटेप लावून दाराकडे वळवली. घरात कुणाला तरी शिस्त हवी.

१९ जुलै
टेप सोडवून परत खिडकीत. पडद्याखालून, गजांतून थेट गॅलरीत. शेजारच्या खोलीतली मालूमावशी मच्छी विकते. ती म्हणाली, अरे बाबा, तिला उजेड हवाय, कशाला खेचतोस? म्हटलं, उजेड दारातूनही येतो. ती म्हणाली, तुझं दार उघडं असतं कधी?
मुद्दा सोडून बोलायची सवय आहे तिला.

१९ ऑगस्ट
दगा. दुसरा शब्द नाही.
नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, मालूमावशीकडे ताजी मच्छी आली. मच्छी धुतलेलं पाणी ती दाराशी ठेवलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ओतते. मिरची लावलीय त्यात. आमची वेल कठड्यावरून सरपटत सरळ त्या खोक्यात! तिथे मुळंही धरली. पानं तळहाताएवढी. माझ्याकडे असताना नखाएवढी होती.
मी फिल्टरचं पाणी पाजतो. फिल्टरचं! आणि ही बोंबलाच्या पाण्याला भुलली.
प्रगतीला फोन करून सांगितलं. पोट धरून हसली. तिला सगळं माहीत होतं. मालूमावशी रोज व्हिडिओ कॉलवर वेल दाखवते म्हणे. मला रोज फोन करत नाही. कामात असते बिचारी.

७ सप्टेंबर, रविवार
आता डोकं चालवायचं. फ्रिज ओढून दाराशी आणला. ह्याला चीटिंग नाही, मॅनेजमेंट म्हणतात. ओढताना खिडकीकडे 'कट्' असा आवाज आला. फ्रिजचाच असेल.
वेल आता आमच्याकडे वीतभरच उरलीय, पण दारही वीतभरच लांब. म्हणजे जिंकलोच.
प्रगती आली नाही. उपकेंद्रात लसीकरण.

२८ सप्टेंबर, रविवार
ह्याही रविवारी नाही. पाऊस आहे म्हणे. इथे कडक ऊन.
कुंडीत काडी. विश्रांती घेत असावी. ताक घातलं.

१८ ऑक्टोबर
मालूमावशीने काडी उपटून हुंगली. मुळं कुजलीत म्हणाली. न विचारता उपटली, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
प्रगती आली. आमच्या दाराकडे बघितलंच नाही. मालूमावशीच्या दारापुढे उभी. चौकटीभोवती वेल, वर तोरणासारखी लोंबलेली. म्हणाली, पोचली की.
मी लगेच म्हटलं, मग खोली सोड! वेल आपलीच आहे, तुटली तरी आपलीच. ती म्हणाली, दार कुणाचं आहे?
तिने शब्द फिरवला. 'आपल्या दारापर्यंत' असं जूनमध्ये कुठे म्हणाली होती? वर पाहून लिहितोय, नव्हतीच म्हणाली. हे मी पुराव्यासकट सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मालूमावशीकडे जेवायला गेली. दोघी बराच वेळ हसत होत्या. मी पणतीत तेल घालत बसलो. पणती विझली.
आज ह्या घरात मला एकट्यालाच वाईट वाटतंय.

२४ ऑक्टोबर
सकाळच्या बसने गेली. सलाइनच्या बाटलीत पाणी भरून एक फांदी नेली, झरीच्या खोलीसाठी. खोली आणखी वर्षभर ठेवतेय.
निघताना म्हणाली, येते हं. कुणाला ते कळलं नाही. मी पडदा लावत होतो.

२ नोव्हेंबर, रविवार
नवा निश्चय. नवी फांदी, पाणी एकदाच, पडदा उघडा, दारसुद्धा उघडं. ह्या वेळी तिला बोलायला जागाच ठेवायची नाही.
मालूमावशीकडे फांदी मागितली. ती मच्छी साफ करत होती. हात पुसले, आधी प्रगतीला फोन लावला, स्पीकरवर. विचारलं, ह्याला एक फांदी देऊ काय गं?
प्रगती म्हणाली, नको मावशी. मरेल बिचारी.
फांदीचंच विचारलं होतं. प्रगती घरी कधी येणार ते विचारायचं राहूनच गेलं.
मालूमावशीला माझी कीव आली असावी. चार बोंबील हातावर ठेवले. म्हणाली, हे घे, हे मेलेलेच आहेत.
तळायला टाकले. जळले. गॅस किती ठेवायचा, तेवढं सांगितलं नाही तिने.