भागीदाराचं कुमसार

प्रिय मोनिका,

जय येशू. मी उत्तम आहे, काळजी करू नकोस. आईचा खोकला थांबला का?

शुक्रवारी इथल्या चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेआधी पापं सांगायला कुमसाराच्या रांगेत होतो. पुढे आपला भागीदार पास्कू. फादरांना कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्यानेच बोलला. त्याने मला कसं फसवलं, ते सगळं मला ऐकू आलं. फादरांनी त्याला क्षमा दिली. दुसऱ्याचं कुमसार बाहेर काढायचं नसतं. तुला एवढंही लिहायला नको होतं.

मनात राग असताना कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायची नसते, म्हणून मी कम्युनियन घेतलं नाही. इथं परदेशात सलमाबादचं गॅरेज एकत्र, खोलीही एकच. जेवताना पास्कू हसला, "असं काय पाप केलंस रे?" मी त्याला मासा वाढला.

रविवारी तुझं कम्युनियन माझ्यासाठी घे. चर्चमध्ये त्याची बायको भेटेल. नेहमीसारखीच बोल.

तुझाच,
रॉकी