डावी बाही

लक्ष्मीपूजन, १९५०, संध्याकाळ. इंदूर.

दोन कानटोप्या, मुलीची शाल, जावयांचा स्वेटर आणि हे सगळं ज्यांवर विणलं त्या सायकलच्या तारांच्या सुयासुद्धा माझ्याच हातच्या. कोणी शिकवलं नाही.

उद्या पाडवा, मुलीचा पहिला दिवाळसण. हिवाळ्यापुरती मध्यभारताची राजधानी ग्वाल्हेरला जाते, तिच्यासोबत जावयांची सरकारी कचेरीही हलणार, म्हणून स्वेटर. आज दुपारी मोजला, तर डावी बाही चार ओळी लांब. चार ओळी! लगेच उसवायला बसलो.

ही म्हणाली, "अहो, जावई काय फुटपट्टी घेऊन येणारेत?"

ऐकलं नाही. लोकर जुन्या शालीची, उसवताना तिचे तुकडे झाले. उरलेल्यात बाही कोपरापर्यंतच येते. बाजार आज पूजेत, त्या रंगाची लोकर कुठून आणू? उद्या जावयांपुढे एका बाहीचा स्वेटर ठेवू? चार ओळींसाठी मुलीला सासरी मान खाली घालायला लावली ना मी?

हिला एक सांगितलेलंच नाही. काल होजियरीवाले सेठजी स्वेटर पाहून म्हणाले, "बाबूजी, जैसा है वैसा दे दो, अभी के अभी नगद." जावयांची अंगठी झाली असती. मी नाही म्हटलं. चार ओळींसकट पस्तीस रुपये देत होते.