हिरवळीवर ठेवलेला संगणक

ती. मर्लताईस,

मूंटाहून धाकट्या डेझचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, गुडघ्यांनी परवानगी नाकारली आहे).

पत्र्याच्या छपरावर नखांची ती खरखर, आठवते का गं? खाली आपण वर्गभर हात मागे बांधून कविता म्हणायचो आणि वर गलाह काकाकुव्यांची गुलाबी टोळी आपल्या तालाला न जुमानता नाचायची. मला कितीतरी वर्षं वाटे, प्रत्येक कवितेखाली अशी खरखर असतेच. अगदी तोच आवाज माझ्या संगणकाच्या पोटातून येतो, त्यातली हार्ड डिस्क फिरू लागली की. म्हणून तर मला तो कधी यंत्र वाटला नाही. असो. तुझी कंबर कशी आहे? होबार्टच्या गारठ्यात पहाटे बागेत वाकायचं सोडलंस का? (सोडलं नसणार.)

गावच्या छोट्या रेडिओवर मी दर रविवारी अर्धा तास शाळेतल्या कविता वाचतो, हे तुला ठाऊक आहेच. कोण ऐकतं, देव जाणे. तुझी भावजय लॉर्ना म्हणते, "तू आणि तुझं मशीन, झाले दोन श्रोते." पण वाचन मी घरीच, त्या संगणकावर ध्वनिमुद्रित करतो. रेडिओच्या काचेच्या खोलीत एकदा बसून पाहिलं. लाल दिवा लागला आणि सातव्या वर्षी पाठ केलेली कविता पहिल्याच ओळीला पळून गेली! तेव्हा संगणक गेला की माझा रविवारही गेला. आणि तो जायच्या बेतात होता. सुरू व्हायलाच अर्धी सकाळ घ्यायचा. त्याच्या टेबलावर तुझ्या भावजयीचा जॅमच्या बाटल्यांसाठी केव्हापासून डोळा. तिने बजावलं, "नगरपालिकेच्या जुनंपानं बाहेर ठेवायच्या आठवड्यापर्यंत हा धडपणे चालला तर ठीक, नाहीतर रस्त्यावर."

मी तो उचलून आमच्या म्हाताऱ्यांच्या शेडमध्ये नेला. तिथे गवत कापायची यंत्रं दुरुस्त होतात आणि मतं फुकट मिळतात. क्लॅरीने (हा पूर्वी टेलिफोनच्या खांबांवर चढायचा) झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी आणि तिच्यावर शांतपणे वाळलेली एक पाल. मी किती वेळ बघतच राहिलो! इतकी वर्षं माझ्या कविता तिनेही ऐकल्या असतील का? क्लॅरीने तिला चिमटीत उचललं. "डेझ, ही तुझी कविता ऐकूनच गेली रे."

मग प्रश्न आला, याच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घालायची. जुनीच ठेवायची आणि इंटरनेट तोडायचं, हे एक मत. कंपनीची नवीकोरी घालायची, हे दुसरं (संगणकाला तेवढा दम नव्हता). आणि क्लॅरीचं लिनक्स, तेही खास थकल्या यंत्रांसाठी बनवलेलं, शिवाय फुकट. वाद पेटला आणि शेवटी मतदान ठरलं. आपल्या ऑस्ट्रेलियातलं मतदान म्हणजे नुसती फुली नव्हे, पसंतीचे क्रमांक! जुनीला चार, लिनक्सला तीन, नवीला दोन. नवी बाद झाली आणि तिच्या दोघांची दुसरी पसंती गेली लिनक्सला, म्हणजे पाच विरुद्ध चार. माझं मत जुनीला होतं. म्हणजे माझ्याच संगणकाच्या निवडणुकीत, माझ्याच डोळ्यांदेखत मी पडलो.

पण ताई, काय सांगू! किटली उकळायच्या आत संगणक हजर. नव्या घरात राहायला गेल्यावर आपण प्रत्येक कपाट उघडून बघायचो ना, तसा मी दिवसभर त्याची दारं उघडत होतो. हे दाबलं तर काय होईल? ते ओढलं तर? मायक्रोफोन मुका निघाला, पण मीच चुकून त्याचं तोंड बंद केलं होतं. एक कविता वाचून मुद्रित केली. ऐकतो तर माझ्यामागे पंखा असा घोंघावतोय, जणू मळणीयंत्रासमोर उभा राहून वाचतोय. क्लॅरी फोनवर म्हणाला, "उरलेली धूळ आहे रे ती, डेझ. बाहेर ने आणि ब्लोअर मार."

मागच्या अंगणात लॉर्नाच्या धुतलेल्या चादरी वाळत होत्या. तिथे धूळ उडवायची माझी छाती नाही. म्हणून संगणक फाटकाबाहेर रस्त्याकडेच्या हिरवळीवर ठेवला. तेवढ्यात आतून हाक आली, चहाबरोबरचे स्कोन गरम आहेत म्हणून. परत येऊन बघतो तर गवतावर नुसता चौकोनी ठसा! मग नजर वर गेली. गल्लीभर गाद्या, मोडक्या सायकली, तीन पायांची टेबलं. आठवडा कोणता चाललाय, हेच मी विसरलो होतो. तक्रार कुणाकडे करू? हिरवळीवर ठेवलेलं ते उचलेल त्याचं. मी आत्ता ज्या खुर्चीत बसून हे हाताने लिहितोय, ती शेजारच्या नॅनकिव्हेलबाईंची. त्यांनी बाहेर ठेवून फाटक लावलं नाही, तोच मी ती उचलली होती.

प्रकृतीस जप.

तुझा,
डेझ

ता. क. एकाच सेलमध्ये आपण दोघांनी जुळे संगणक घेतले होते. तुझा गॅरेजमध्ये चादर पांघरून पडलाय ना? रविवारच्या आत कसंही करून पाठव. लिनक्स क्लॅरीकडे तयार आहे.

ता. क. २. लॉर्नाला फोनवर अवाक्षर बोलू नकोस. रिकामी हिरवळ बघून तिचे डोळे भरून आले. "माझ्या बाटल्यांसाठी टाकलास ना रे?" मला नाही म्हणवेना. तेव्हापासून रोज जर्दाळूची पेस्ट्री खातोय. माझा त्याग तिने सगळ्या गल्लीला सांगितलाय.

ता. क. ३. थांब, दारात कुणीतरी आलंय. बाहेर गव्हाचा ट्रक उभा आहे, इंजिन चालूच. नारिंगी शर्टातली दणकट ड्रायव्हरबाई, ओळखीची नाही, आणि काखेत माझा संगणक! दार लॉर्नाने उघडलंय. बाई तिला सांगतेय, "बाई, नातीला होईल म्हणून उचलला हा. चालू केला तर आत आमचा कवितावाला! रविवारी वॉलरू बंदराच्या रस्त्याला मी त्याला ऐकतच गहू नेते. म्हटलं, असा माणूस आपलं मशीन टाकेल कशाला? इथेच राहतो ना तो?"

लॉर्ना वळून माझ्याकडे बघतेय. ताई, माझं सगळं कळलं तिला. आणि तरी माझे कान त्या बाईकडेच लागलेत. ती आत डोकावून विचारतेय, "आजोबा, या रविवारी कोणती?"