साखळीवरच्या चिंध्या

शुक्र. ५ फेब्रु. २०१६, बंदर खैरान

सातला होडी घेऊन मरीनातून निघालो, दहाच्या आत खाडीत. तिन्ही बाजूंनी डोंगर, पाण्याला सुरकुती नाही. वर टेकाडावर त्या फार जुन्या दगडी कबरी. शेजारी नॉर्वेवाल्या म्हाताऱ्याची होडी. त्याच्या गावच्या खाडीवरही असेच ढिगारे आहेत म्हणे, त्यात व्हायकिंग सरदाराला होडीसकट पुरलंय. अशोक खूश. "ऐकलंस का बाई, होडीसकट. माझंही तसंच कर." म्हटलं, आधी होडीचा तळ घासून दे, मग बघू.

मग नांगर टाकला. पाणी सात मीटर. अ.ने साखळी लाल चिंधीपर्यंत सोडली आणि चहा मागितला. लाल म्हणजे दहा मीटर. हिरवी वीस, पिवळी तीस. माझ्याच जुन्या साड्यांच्या चिंध्या, त्यानेच बांधलेल्या. पाण्याच्या चौपट साखळी, हे त्यानेच माझ्याकडून घोकून घेतलेलं, गणिताच्या बाईकडून! सात चोक अठ्ठावीस. म्हटलं, पिवळीपर्यंत नको का?

"तीस वर्षं जहाजावर काढली मी. मला शिकवू नकोस."

चहा ठेवला. अर्ध्या तासात होडी घसरत घसरत नॉर्वेवाल्याच्या अंगावर. त्याने ओरडून, पायाने ढकलून वाचवलं. अ. हसला, "वारा फिरला." वारा सकाळपासून एकाच बाजूचा होता. मीही हसले. नॉर्वेवाला नाही हसला.

रवि. ७

इथे आखातात रविवारीही शाळा, म्हणून हाफ डे घेऊन अ.ला रुवीला डॉक्टरकडे नेलं. मल्याळी, शांत माणूस. अ.ला घड्याळ काढायला सांगितलं. बाराही आकडे उजव्या बाजूला, डावी बाजू कोरी. काढून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, वहीवर सही मागितल्यासारखं.

मला बाहेर घेऊन सांगितलं. विसरणं वाढत जाणार. गाडी बंद, होडी बंद. तुम्हीच समजावा. मीच. बरं.

गाडीत म्हणे, "काय म्हणाला?"
"बी-ट्वेल्व्ह कमी आहे."
खोटं नाही, तेही कमी आहेच. वाटेवरची वादी अदाई येईपर्यंत तो मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडत-लावत राहिला.

मंगळ. ९

सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवते, पोळ्या होईपर्यंत हिंमत जाते. पुण्याला लेकीला फोन केला. "आई, होडी विकून टाक, विषय संपव." विषय म्हणे. रिटायर झाल्यापासून तो माणूस त्या होडीच्याच आधाराने जगतोय. ती काढून घेतली तर उरेल काय? आणि ठेवली तर... लेकीवर उगाच चिडले. तिचं काय चुकलं?

गुरु. ११

शाळेतून आले तर अ. घरी नाही. फोन टेबलावर. टॅक्सीने मरीनात गेला होता. भर उन्हात सगळी साखळी एकट्याने धक्क्यावर ओढून घासली होती. लख्ख. चिंध्या सोडवून बादलीत टाकलेल्या.

"हे कुणी बांधलं गं? साखळीला चिंध्या कसल्या?"

हिरवी माझ्या डोहाळजेवणाच्या साडीची. ती कापायची की नाही यावरून दिवसभर भांडलो होतो आम्ही.

"कोण जाणे," म्हटलं. बादली घरी आणली. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

शुक्र. १२, बं. खै.

नेलं त्याला. चूक आहे, कळतंय मला. पहाटे पाचला टोपी घालून दाराशी उभा, दोन्ही डबे भरलेले. नाही म्हणवलं नाही. निघताना नॉर्वेवाल्याला गुपचूप फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मागोमाग येतो. आला.

शिडाला अ.चे हात बरोब्बर. एक गाठ चुकली नाही. तेच जीव घेतं, हातांना सगळं आठवतंय.

खाडीत होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन त्याने नांगर सोडला. साखळी खडखडत निघाली, कुठे खूण नाही. मधेच धरली, मागे वळला.

"बाई, किती?"

एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं. आणि किती सुटली ते मला सांगता येईना. चिंध्या घरी, बादलीत.

"अजून," म्हटलं.
"बस?"
"अजून."

शेवटच्या कडीपर्यंत सोडायला लावली.

मग टेकाडावरची एक कबर आणि मागचा काळा खडक एका रेषेत धरून बसले. रेषा मोडली तर होडी सरकली, हीही त्याचीच शिकवण. दर पाच मिनिटांनी त्याचं, "हाललो का गं?" मी म्हणायची, "नाही." नॉर्वेवाल्याने लांबून हात केला. चहा गार झाला, दोघांचाही.

जरा वेळाने शेजारी येऊन बसला. पाण्याकडे बघत म्हणाला, "डॉक्टर खरं काय म्हणाला?"

"बी-ट्वेल्व्ह."

"बरं." माझा हात धरून बसला. मग, "हाललो का गं?"

कबरीकडे बघितलं, खडकाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी, रेषा दिसेना. "नाही," म्हटलं.