सून विमान चालवते

७ डिसेंबर, रविवार

पुन्हा चार मिनिटं! विंचने दोर ओढून वर फेकलं, दोर सुटला, आणि ग्लायडर निघालं ते थेट खालीच. इंजिन नसतं त्याला, तापलेली हवा उचलेल तेवढंच. आणि धुळ्याचा हिवाळा — हवा कसली, निपचित पडलेली!

शिकवणारे हितेंद्र सर म्हणाले, "मॅडम, जानेवारीअखेर ग्लायडर दुरुस्तीला जाईल. तोवर एकटीने अर्धा तास वर राहिलात तर बिल्ला. नाहीतर थेट दिवाळीनंतर."

त्यात ग्लायडिंग क्लबचा नियम — सगळ्यात कमी वेळ उडेल त्याने सगळ्यांसाठी भरीत करायचं. म्हणजे मीच. राकेश, दातांचा डॉक्टर, पाच मिनिटं उडतो आणि तोरा असा की चंद्रावरून आलाय.

घरी सासूबाई दारातच. "कितला येळ उडनी?"

"चार मिनिटं."

"आमनी कोंबडीबी इतली उडस!"

१४ डिसेंबर

चार मिनिटं. वांगी मात्र छान भाजली गेली.

२१ डिसेंबर

साडेतीन!!

सासूबाईंनी गावाकडे अख्ख्या भडगावात सांगून ठेवलंय, आमची सून विमान चालवते. आज त्यांच्या नणंदेचा, बेबाबाईंचा फोन. "मंग आमना घरवरथून जाय ना एक दिन!" कुठून जाऊ? माझी धाव कुंपणापर्यंत. फार लाज वाटली. स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडलेसुद्धा.

४ जानेवारी

आज सापडलं! जळगावची हिरवी वांगी, खाली कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, पऱ्हाट्यांचा जाळ, मी नेहमीसारखी धुरात. सहज वर पाहिलं तर धुरावर दोन घारी. पंख न हलवता गोल गोल वर चाललेल्या. ज्या गरम हवेसाठी महिनाभर झुरतेय, ती माझ्याच चुलीतून फुकट जातेय! मी वर असते तेव्हा जाळ नसतो, जाळ पेटतो तेव्हा मी खाली बसलेली.

सरांना सांगितलं. डोकं खाजवत म्हणाले, "आधी जाळ, मग उड्डाण? करून बघू."

११ जानेवारी

सहा मिनिटं. प्रगती. सासूबाई हट्टाने सोबत आल्या होत्या. शेकोटीकडे बघून म्हणाल्या, "इतलासा जाळवर तू काय उडशी?" आणि चालू लागल्या शेजारच्या लोटनआबांच्या शेताकडे. काय बोलणं झालं कोण जाणे.

१८ जानेवारी

चौतीस मिनिटं! चौतीस!

लोटनआबांच्या बांधाला पऱ्हाट्यांचा डोंगर होता, तसाही जाळायचाच होता. मी वर गेले आणि सासूबाईंनी पेटवला, वांगीही त्यातच टाकली. आधी काहीच नाही. मग खालून कुणी ढकलावं तसा धक्का — उंचीचा काटा वर! त्या धुराभोवती मी घिरट्या घालत राहिले. खोकले, डोळे चोळले, कॉकपिटमध्ये वांग्यांचा वास. खाली सासूबाई पदर हलवत होत्या. वरूनच मोठ्याने ओरडले, "आई, बघा!" ऐकू कसं जाणार!

वांगी विसरली, त्यांचा कोळसा झाला. राकेश म्हणे, ही चीटिंग आहे. म्हण बाबा. बिल्ला माझ्या छातीवर आहे.

२५ जानेवारी

सकाळी सासूबाई नवं लुगडं नेसून तयार. "तुन्हं व्हयनं. आते माले बसाड."

मी एकटी उडाले, आधी. चार मिनिटं. मग सर त्यांना दोन सीटच्या ग्लायडरमधून घेऊन गेले. तोवर ऊन तापलं, थंडी मोडली, जाळबीळ काही लागलाच नाही. अर्धा तास झाला तरी खाली येईनात! तास होत आला तेव्हा उतरल्या, केस विस्कटलेले, चेहरा लहान मुलीसारखा. मला इतका आनंद झाला की जळफळाट करायचाही राहून गेला.

नियम म्हणजे नियम. वांगी मीच भाजली.

२६ जानेवारी

सासूबाई आतल्या खोलीतून बेबाबाईंशी फोनवर, अगदी ठसक्यात — "विमानमा मी जास. सून? ती खाले वांगा भाजस!"