खळ नसलेला गणवेश

बाबा,

तुमचा गणवेश खुंटीवर आहे. इस्त्री कडक केलीय, पण खळ नाही. सगळी खळ पत्रकं चिकटवायला लागली. तुमच्या पोलीस ठाण्याच्या भिंतीवरचं पत्रकही मीच लावलंय. ते खरवडायला गोरा साहेब तुम्हालाच पाठवेल. उगाच नखं मोडून घेऊ नका, खळ तुम्ही शिकवलीत तशीच घट्ट शिजवली होती.

आईवर ओरडू नका, तिला यातलं काही ठाऊक नाही.

दुपारी चौकात झेंडा घेऊन मी सगळ्यांच्या पुढे असेन. पळणार तर अजिबात नाही. तुमची मुलगी म्हणून काठी आवरू नका. आवरायचीच असेल, तर माझ्यामागच्या सगळ्यांसाठी आवरा.

तुमचीच,
धाकटी